मैफलीची तूट

शास्त्रीय संगीताची बैठक भाड्याच्या सभागृहात भरवायची ठरली की आयोजकांच्या जमाखर्चाच्या वहीत पहिली ओळ पडते ती 'सभागृह भाडे' या शीर्षकाची. कलावंताची बिदागी, साथीदारांचे मानधन, प्रवास, मुक्काम, ध्वनिव्यवस्था, निमंत्रणपत्रिकांची छपाई या ओळी तिच्या खाली येतात. जमेच्या बाजूला तिकीटविक्री, देणग्या आणि जाहिराती असतात. दोन्ही बाजूंची बेरीज क्वचितच जुळते, आणि उरलेला आकडा कोणाला तरी सोसावा लागतो. आपल्या संगीताचा इतिहास आपण घराणी, गुरुपरंपरा आणि रागविस्तार यांच्या आधाराने लिहितो. गाणे कोणत्या जागेत झाले, त्या जागेचे पैसे कोणी दिले आणि तूट कोणाच्या पदरी पडली, हा इतिहास मात्र चरित्रांच्या तळटीपांत विखुरलेला राहतो. नाशिककरांना तरी हा विषय परका वाटू नये. तिकीट लावून जाहीर जलसे करण्याची वाट ज्यांनी रुळवली, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या आयुष्याचे अखेरचे पर्व याच शहराच्या पंचवटीत घडले.

तिकिटापूर्वीचा श्रोता कसा होता, हे आधी पाहू. दरबारात गाणे राजाचे असे. वाड्यात ते सरदाराचे किंवा सावकाराचे असे. बाकीचे श्रोते यजमानाचे पाहुणे. त्यांना पैसे द्यावे लागत नसत, पण हक्कही नसे. मैफल केव्हा सुरू व्हावी, किती चालावी, गवयाने काय गावे, हे यजमानाच्या लहरीवर ठरे. देवळातले गाणे देवासमोर होई. तेथे यजमान देव असला तरी उंबरठ्यावर समाज उभा असे. कीर्तनाची परंपरा या दोहोंहून निराळी. कीर्तनकाराला देवस्थानाकडून किंवा गावाकडून बिदागी मिळे, आणि अखेरीस आरतीचे तबक फिरे. त्यात कोणी रुपया टाकी, कोणी पैसा, कोणी नुसता हात जोडी. ऐकणे आधी आणि देणे नंतर, तेही ऐपतीप्रमाणे, हा तबकाचा नियम होता. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी श्रवणाची सवय घडली ती याच नियमावर. गोदाकाठच्या देवळांतील कीर्तने असोत की यशवंतराव महाराज पटांगणावरची वसंत व्याख्यानमाला असो, ऐकणे हे येथे विनामूल्य आणि सार्वजनिक मानले गेले आहे.

तिकीट मराठी माणसाला संगीत नाटकाने शिकवले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, आणि पुढच्या काही दशकांत गावोगावच्या प्रेक्षकाला पैसे मोजून पदे ऐकण्याची सवय लागली. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह याच काळातले. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथे 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. राज्यकर्ता आणि प्रजाजन एका छपराखाली येऊन बसतील अशी जागा म्हणजे तेव्हाच्या गावात नाट्यगृहच होते.

नाटकाला तिकीट चालले, तरी निव्वळ रागसंगीताच्या बैठकीला ते लावणे ही वेगळी गोष्ट होती. मधला मार्ग संगीतप्रेमी मंडळांनी काढला होता. मुंबईची पारशी गायनोत्तेजक मंडळी १८७० मध्ये, पुण्याचा गायन समाज १८७४ मध्ये आणि कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ मध्ये स्थापन झाला. या संस्थांत यजमानाची जागा सभासदांनी घेतली. वर्गणीदार एकत्र येऊन गवयाला बोलावू लागले. मात्र वर्तुळ सभासदांचेच राहिले. अनोळखी माणसाने दारावर यावे, पैसे द्यावेत आणि आत बसावे, ही मुभा तेथे सहसा नव्हती.

ती मुभा देण्याचे श्रेय पलुस्करांकडे जाते. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडचा. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शिक्षण खुंटले, आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. संस्थानी आश्रयात गवयाला अन्न मिळते, मान मिळत नाही, हा सल त्यामागे होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बडोदा आणि ग्वाल्हेरच्या दरबारांत ते गायले. मात्र सौराष्ट्रात त्यांनी जे केले ते त्या काळी धाडसाचे होते. राजवाडा आणि देऊळ यांच्या बाहेर, सर्वसामान्य लोकांसाठी, पैसे घेऊन त्यांनी जाहीर गायन केले.

या कृतीचा अर्थ केवळ व्यवसायापुरता नाही. तिकीट हा एक करार आहे. श्रोत्याने ठरावीक रक्कम दिली की ठरल्या जागी, ठरल्या वेळी गाणे ऐकण्याचा हक्क त्याला मिळतो. गवयावरही त्याचे बंधन येते. वेळेची शिस्त, नीटनेटका पोशाख, निर्व्यसनी वर्तन यांबद्दलचा पलुस्करांचा आग्रह आपण सहसा त्यांच्या धार्मिक वृत्तीच्या खात्यावर टाकतो. आम्हांला त्यात तिकिटाचा तर्कही दिसतो. यजमान एकच असेल तर त्याची मर्जी सांभाळली की पुरे. श्रोते चारशे असतील तर घड्याळ सांभाळावे लागते.

या कराराने दार कोणासाठी उघडले? नाशिकमध्ये बसून हा प्रश्न टाळता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि काही वर्षे चालूनही मंदिराचे दार उघडले नाही. देवळातील कीर्तन आणि भजन ज्या समाजासाठी विनामूल्य होते, त्या 'समाजा'च्या व्याख्येतूनच एक मोठा वर्ग वगळलेला होता. तबक कोणालाही किंमत विचारत नसे. तबकापर्यंत पोहोचण्याआधी मात्र जात विचारली जाई. तिकिटाच्या खिडकीवर निदान तत्त्वतः तो प्रश्न नव्हता. स्त्रियांच्या बाबतीतही हेच दिसते. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा गाणाऱ्या स्त्रीचे गाणे एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यातून निघून सर्वांच्या सभागृहात आले. अर्थात तिकिटाने जुनी भिंत सपाट केली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला खिडकीही तेवढीच बंद असते, आणि पहिल्या रांगेचे भाव व शेवटच्या रांगेचे भाव नवी उतरंड रचतात. तरीही पैसा कमावता येतो, जन्म बदलता येत नाही. दोन्ही अडथळ्यांतला हा फरक लहान नाही.

आता दुसरी बाजू. आश्रयदाता गेला की तूट सोसणाराही जातो. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन झाले. एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यावर विसंबून न राहता लोकांच्या देणग्या आणि जलशांचे उत्पन्न यांवर ते उभे होते. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि कामाचा मुख्य भार तेथे आला. विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय, वसतिगृह आणि विद्यालयाची इमारत यांसाठी पलुस्करांनी कर्ज काढले. ते फेडण्यासाठी गावोगाव जलसे करणे आले. १९२४ मध्ये अशाच एका दौऱ्यावर ते असताना सावकारांनी मालमत्तेवर टाच आणली आणि विद्यालयाचा लिलाव झाला. सभागृहे गाजवणाऱ्या माणसाची स्वतःची वास्तू त्या सभागृहांच्या उत्पन्नातून वाचली नाही.

हा केवळ दैवाचा फेरा किंवा अव्यवहारी कलावंताची शोकांतिका म्हणून वाचणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. त्यात एक आर्थिक सत्य आहे. तिकीट एका संध्याकाळचा खर्च भरून काढू शकते, कधी त्यातून चार पैसे उरतातही. पण ज्या बारा वर्षांच्या तालमीतून ती संध्याकाळ घडते त्या वर्षांचा खर्च तिकिटात मावत नाही. नाटकमंडळी एकच नाटक गावोगाव पुन्हा पुन्हा करी. नेपथ्याचा, पोशाखाचा खर्च अनेक प्रयोगांत वाटला जाई. ख्यालगायनाची बैठक त्या अर्थाने दरवेळी नव्याने मांडावी लागते, आणि तिचा श्रोता नेहमीच थोडा असतो. दरबाराने हा खर्च अनेक पिढ्या निमूट सोसला होता. त्या बदल्यात त्याने स्वातंत्र्य घेतले. पलुस्करांनी स्वातंत्र्य परत मिळवले आणि खर्च आपल्या अंगावर घेतला.

अखेरच्या पर्वात ते नाशिकला आले. पंचवटीत श्रीरामनाम आधार आश्रम उभा राहिला. रामायणाचे प्रवचन, रामनाम आणि शिष्यांची तालीम हा तेथला क्रम झाला. कीर्तनकाराचा मुलगा दरबारातून सभागृहात आणि सभागृहातून पुन्हा रामकथेच्या व्यासपीठावर आला. तिकिटाकडून तबकाकडे परतण्याचा हा प्रवास होता. त्याला केवळ विरक्ती म्हणावे की हिशेबातून आलेले शहाणपण, हे अभ्यासकांनी ठरवावे. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. इमारत गेली होती. परीक्षा, अभ्यासक्रम आणि गावोगावचे शिक्षक यांच्या रूपाने संस्था उरली. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे शिष्य पुढे जाहीर मैफलींचे आधारस्तंभ झाले.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि आश्रयाचा जुना मार्ग कायमचा मिटला. आकाशवाणी, संगीत महोत्सव आणि नगरपालिकांची सभागृहे हे नवे आश्रयदाते आले. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा महोत्सव सुरू झाला. नाशिकमध्ये १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम सायखेडकर नाट्यगृह, महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर आणि इंद्रकुंडाजवळचे पंडित पलुस्कर सभागृह ही नावे येथल्या कार्यक्रमांच्या पत्रिकांवर वर्षानुवर्षे छापली गेली. पालिकेच्या सभागृहाचे भाडे जेव्हा बाजारभावापेक्षा कमी असते, तेव्हा उरलेला भाग नागरिकांच्या करातून जातो. म्हणजे तूट शहर सोसते. २०१८ मध्ये कालिदास कलामंदिराचे नूतनीकरण झाल्यावर भाडेवाढीवरून कलावंत आणि आयोजक अस्वस्थ झाले होते. त्या वादाच्या मुळाशी हाच जुना प्रश्न होता. नवी आसने, नवी ध्वनियंत्रणा हवी. तिचा खर्च कोणाच्या वहीत लिहायचा?

दुसरीकडे सरकार तिकिटाकडे करमणूक म्हणून पाहत आले. करमणूक कराचा मुंबई प्रांताचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे पलुस्करांच्या विद्यालयाच्या लिलावाआधी एकच वर्ष. २०१७ मध्ये तो कर वस्तू व सेवा करात विलीन झाला, आणि २०१८ पासून संगीताच्या कार्यक्रमाचे पाचशे रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त ठरले. साहजिकच लहान आयोजकाचे तिकीट या रेषेच्या अलीकडेच थांबू पाहते.

भाड्याच्या सभागृहाने गाण्याचे रूपही बदलले. सभागृह सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी मिळते. सत्र संपले की पडदा पडतो, दिवे जातात. नोकरदार श्रोत्याला सोयीचे म्हणून बहुतेक बैठका संध्याकाळी ठेवल्या जातात. परिणामी मारवा, पूरिया, यमन, बिहाग वारंवार कानी येतात. सारंगाचे प्रकार, तोडी, उत्तररात्रीचे कानडे दुर्मीळ होतात. रागांची निवड घराण्याइतकीच सभागृहाच्या पावतीवरील वेळेने ठरू लागली, ही गोष्ट संगीतसमीक्षेने गंभीरपणे घ्यायला हवी. वर्षानुवर्षे संध्याकाळच्याच मैफली ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ध्या रागसंगीताची ओळख केवळ ध्वनिमुद्रणांतून होते.

प्रवेश विनामूल्य ठेवून पुरस्कर्त्यांकडून खर्च भागवावा, हा आज रूढ झालेला उपाय आहे. तो सोपा आहे, पण फुकट नाही. पुरस्कर्ता मंचामागचा फलक घेतो, दीपप्रज्वलन घेतो, सत्कार आणि मनोगत घेतो. तीन तासांच्या सत्रातला पाऊण तास असा गेला की तो विलंबित ख्यालाच्या वाट्यातून जातो. पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखून ठेवल्या जातात आणि पुष्कळदा रिकाम्या राहतात. मागे दर्दी उभे असतात. यजमानाचा दिवाणखाना आपण मागच्या दाराने पुन्हा आत आणला आहे, आणि तिकिटाने मिळालेला श्रोत्याचा हक्क आपल्या नकळत सोडून दिला आहे.

यावर एकच रामबाण उपाय आहे असे आम्ही म्हणत नाही. तिकीट, वर्गणी, देणगी आणि पालिकेचे सवलतीचे भाडे या चारही वाटा लागतील. फक्त हिशेब श्रोत्यासमोर असावा. कार्यक्रमपत्रिकेच्या मागे भाडे किती, बिदागी किती, जमा किती, तूट किती, आणि ती कोणी भरली, हे चार ओळींत छापायला खर्च येत नाही. त्यातून श्रोत्याला कळेल की आपले शंभर रुपये कोठे गेले. बाहेर पडताना दाराशी ठेवलेल्या तबकात आणखी काही टाकावे असेही त्याला वाटेल. तिकिटाचा हक्क आणि तबकाची स्वेच्छा ही दोन्ही आपल्याच परंपरेतली आहेत, आणि पलुस्करांनी दोन्ही आयुष्यभर अनुभवली. पंचवटीत त्यांच्या नावाचे सभागृह भाड्याने घेणाऱ्या आयोजकाच्या हाती जी पावती पडते, तिच्यावर नाव त्यांचे असते आणि रक्कमही असते. लाहोर-मुंबईच्या त्या वहीचा हिशेब पुढे चालू आहे, एवढे भान ती पावती घडी करून खिशात ठेवताना असावे.