बाराखडी पाठ, पण वाचता येईना

मंडळी, तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या काटेवाडीतून जाते आणि माउलींची नीरेपलीकडे फलटणातून. वारीत अशा कितीतरी म्हाताऱ्या भेटतात, ज्यांना अक्षरओळख नाही पण हरिपाठ अख्खा तोंडपाठ. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पाठ असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. शाळेत मात्र आपण दोन्ही एकच धरून चाललो, आणि हे आजचं नाही.

पंतोजींच्या शाळेत पोरं धुळपाटीवर मुळाक्षरं गिरवायची, सुरात बाराखडी नि पाढे म्हणायची. पुढे इंग्रजी अमलात छापील पुस्तकं आली. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. देशभरासाठी शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला २०१० उजाडलं. एवढा मोठा लढा झाला तो पोर शाळेत पोचावं म्हणून. पण आत आलेल्या पोराला वाचायला शिकवायचं कसं, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न ज्यांनी हातात घेतला, त्यातलं एक नाव आपल्या शेजारचंच आहे. डॉ. मॅक्सिन बर्नसन. बाई मूळच्या अमेरिकेच्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणमधली वेगवेगळ्या समाजातली माणसं मराठी कशी बोलतात, यावर त्यांनी पीएचडी केली, फलटणलाच राहिल्या आणि भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी वर्ग सुरू केले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा.

त्यांच्या पद्धतीचं मर्म साधं आहे. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार लावलेली आहे, आधी कंठ, मग तालू. व्याकरणाला ती मांडणी उत्तमच. पण शिकणाऱ्या पोराचं काय होतं? क ख ग घ ङ, च छ ज झ ञ अशी दहा अक्षरं गिरवली तरी हाताला शब्द किती लागतात? ङ आणि ञ तर एरवी कुठं भेटतच नाहीत. काना-मात्रा यायला आणखी काही महिने. तोवर पोराला वाटायला लागतं, की वाचन म्हणजे न समजणारं काहीतरी मोठ्यानं म्हणणं.

त्याऐवजी अक्षरांचे छोटे गट करायचे आणि काना सुरुवातीलाच द्यायचा. उदाहरण म्हणून म, क, ल आणि काना एवढंच घ्या. मामा, काका, मका, काम, माल, काल, कमाल. लगेच ‘मामाला मका’ वाचता येतं. पहिल्या काही आठवड्यांतच पोराला कळतं, की या रेघांमध्ये आपलंच बोलणं लपलंय.

आपल्या भागात याचं मोल जास्त आहे. मी इथं बातमीदारी करतो. दिवाळी झाली की भवानीनगरच्या कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीच्या खोप्या पडतात. त्यातली पोरं चार-पाच महिने इथं, बाकीचे महिने गावाकडं. ‘क ते ज्ञ’च्या रांगेत मध्येच सुटलेल्या पोराकडं निम्मी अक्षरं उरतात, पण शब्द एकही नाही. गटानं शिकलेलं पोर दोन महिन्यांत गेलं तरी चार शब्द वाचत जातं. हा फरक लहान नाही.

‘असर’ची पाहणी २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत होते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे चारातली तीन मुलं मागे. पुढची सगळी पुस्तकं, भूगोल असो की गणिताची शाब्दिक उदाहरणं, हे पोर वाचणार कसं? त्याला ‘ढ’ म्हणून आपण मोकळे होतो.

बारामतीला शिक्षणाचं केंद्र म्हणतात आणि कॉलेजांकडे बघून ते खरंही वाटतं. पण त्या इमारतीचा पाया पहिली-दुसरीच्या वर्गात आहे. आपल्याकडे शाळेची बातमी होते ती रंगवलेल्या भिंतींची, भेट मिळालेल्या टॅबची. गुरुजींनाही सर्वेक्षणं, माहिती भरणं, निवडणुकीची कामं यातून सवड मिळेल तेव्हा वर्ग.

म्हणून एकच विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, कायदाच तसं सांगतो. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा पेव्हर ब्लॉकच्या आधी एक प्रश्न विचारा : आपल्या तिसरीतली किती मुलं कधी न पाहिलेला उतारा वाचून, त्यात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगतात? आकडा कमी निघाला तर गुरुजींवर तुटून पडू नका. त्यांना विचारा, वर्गावर जास्त वेळ मिळावा म्हणून आम्ही काय करू?

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका.