घूंऽऽऽ आणि ग्रॅहम बेल

परवा रविवारी मिक्सरचं मेन आउट मॉनिटर कंट्रोलरला जोडलं आणि स्पीकरमधून घूंऽऽऽ! दोन तास मिक्सरला शिव्या घातल्या. शेवटी कळलं, मी गिटारची केबल लावली होती :)

दोन्ही केबलींची पाव इंची पिन दिसते सारखीच. खरं तर ती मूळची संगीतातली नव्हेच. १८७८मध्ये अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली आणि पुढे ऑपरेटर अशीच पिन बोर्डात खुपसून कॉल जोडू लागले.

घूंऽऽऽची कटकटही तेव्हापासूनचीच. शेजारच्या तारांमधला गोंगाट टेलिफोनमध्ये शिरायचा. त्यावर १८८१मध्ये ग्रॅहम बेलने पेटंट घेतलं: जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून न्यायची. मग बाहेरचा गोंगाट दोघींत सारखाच शिरतो आणि वजाबाकीत उडून जातो. बॅलन्स्ड केबलमागची युक्ती हीच. गिटारच्या केबलमध्ये सिग्नलची तार एकटीच, मग वजा काय करणार?

म्हणून जोडण्याआधी पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन हव्यात. माझ्या पिनेवर एकच होती. केबल बदलली, घूं गायब.

असो. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच सुटलेल्या प्रश्नावर माझा रविवार गेला!