हेल्म : सामाईक कोठार ते घरचं कोठार

गेल्या खेपेस प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं होतं की तत्त्वज्ञानाच्या माणसानं सॉफ्टवेअरचा इतिहास कशाला सांगावा. तर नाव आणि वस्तू यांचं नातं हा आमचा जुना विषय आहे, आणि आजची गोष्ट शेवटी तिथेच येते.

सुरुवात थोडक्यात उरकू. मार्च २०१३ मध्ये डॉकर लोकांसमोर आलं. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका खोक्यात भरायचं आणि ते खोकं कुठल्याही यंत्रावर चालवायचं. ह्या खोक्याला कंटेनर म्हणतात. कल्पना जुनीच, सोपी केली ती डॉकरनं. जून २०१४ मध्ये गूगलनं कुबरनेटिस जाहीर केलं. अशी पुष्कळ खोकी अनेक यंत्रांवर राबवणारा मुकादम म्हणा ना. पण मुकादमाला सूचना लिहून द्याव्या लागतात : खोकी किती, दार कुठलं उघडं, डेटा कुठे ठेवायचा. साधं संकेतस्थळ उभं करायलाही चार-पाच फाइली, आणि प्रत्येक जण त्या नव्यानं लिहीत बसलेला.

२०१५ साली डेइस नावाच्या छोट्या कंपनीतल्या काही जणांनी ह्या सूचनांचं एक गाठोडं बांधायची सोय केली. त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या पहिल्या कुबकॉन परिषदेत ती लोकांना दाखवली. कुबरनेटिस हा ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा, आपल्या कोकणातला तांडेल. म्हणून नव्या साधनाचं नाव हेल्म, म्हणजे सुकाणू, आणि गाठोड्याचं नाव चार्ट, म्हणजे सागरी नकाशा. पोरांना नावं ठेवायची हौस होती, आणि नावं जमलीही.

मग ही गाठोडी ठेवायची कुठे? एक सामाईक कोठार झालं, त्याचं नाव 'स्टेबल'. हेल्म बसवलं की हे कोठार आपोआप जोडलेलं असे. जागा गूगलच्या साठवणीतली. कोणीही चार्ट लिहून पाठवावा, स्वयंसेवकांनी तपासावा, मग तो आत जावा. वर्ष-दोन वर्षं झकास चाललं. पण बघा, तपासणारे मूठभर, आणि चार्ट शेकडो प्रकारचे. एखाद्या डेटाबेसच्या चार्टमधली दुरुस्ती योग्य की अयोग्य, हे त्या डेटाबेसच्या जाणकाराला कळणार. कोठाराच्या राखणदाराला कसं कळावं? रांग वाढत गेली, माणसं दमली. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागे कोणाची तरी रात्र जात असते, हे आपण सहज विसरतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हेल्मची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कोठार आपोआप जोडलेलं नव्हतं. एक वर्षाची मुदत दिली, आणि १३ नोव्हेंबर २०२० रोजी 'स्टेबल'चा सांभाळ संपला. त्याच महिन्यात डॉकर हबनं निनावी ग्राहकाला सहा तासांत शंभर इमेजींची मर्यादा लावायला सुरुवात केली. दोन्हीकडून एकच निरोप : आपापलं बघा.

आपापलं बघायचं म्हणजे काय, तर हेल्मचं कोठार ही फार साधी चीज आहे. बांधलेली गाठोडी, आणि कोणतं गाठोडं कुठे आहे हे सांगणारी एक यादी. कुठल्याही वेब सर्व्हरवर ठेवा, चालतं. अडचण जागेची नव्हतीच, होती ती शिस्तीची. दर खेपेला आवृत्तीचा आकडा वाढवा, गाठोडं बांधा, चढवा, यादी दुरुस्त करा. यादी विसरलात तर गाठोडं असूनही जगाला दिसत नाही. चार्ट-रिलीजर नावाचं साधन हेच काम करतं. गिटहबवर बदल मुख्य शाखेत गेला की कुठला चार्ट बदलला ते ते शोधतं, बांधतं, प्रकाशित करतं आणि गिटहब पेजेसवरची यादी लिहितं. माणसाचा हात लागत नाही.

आमच्या अभ्यासमंडळाचा ध्वनिसंग्रह एक माजी विद्यार्थी सांभाळतो. एवढ्याशा कामाला कुबरनेटिस कशाला, असं आम्ही विचारलं होतं; त्याला शिकायची हौस. त्याचा चार्ट 'स्टेबल'मधल्या डेटाबेसवर टेकलेला. २०२१ च्या सुरुवातीला यंत्र बदललं आणि जुन्या पत्त्यावरून काही येईना. पंधरा दिवस व्याख्यानं बंद. मग अनेकांसारखा तो बिटनामीच्या चार्टकडे गेला, आणि स्वतःचा चार्ट वरच्या पद्धतीनं प्रकाशित करू लागला.

एकदा त्यानं दुरुस्ती केली पण आकडा वाढवायला विसरला. यंत्रानं प्रकाशन नाकारलं : ह्या नावाची आवृत्ती आधीच आहे. तो चिडला; आम्हाला यंत्राचं पटलं. एका नावाखाली काल एक वस्तू आणि आज दुसरी, हे कसं चालेल? डॉकरच्या टॅगमध्ये मात्र हे सर्रास चालतं. 'लेटेस्ट' ही पाटी आज ह्या खोक्यावर, उद्या त्या. त्यावरचा उपाय म्हणजे डायजेस्ट, आतल्या मजकुरावरून गणितानं काढलेली खूण. एक अक्षर बदललं की खूण बदलली. वाचायला भयंकर, पण तिथे नाव वस्तूला सोडून जाऊ शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये हेल्म ३.८ आल्यापासून चार्टही इमेजींच्याच रजिस्ट्रीत रीतसर ठेवता येतात आणि त्यांनाही ही खूण मिळते.

तरी २०२५ मध्ये तोच अनुभव पुन्हा. बिटनामी व्हीएमवेअरकडे आणि तिथून ब्रॉडकॉमकडे गेलेली. तिनं मोफत इमेजी 'लेगसी' पत्त्यावर हलवल्या, तिथे नवी दुरुस्ती नाही. आमच्या विद्यार्थ्यानं आता लागतील तेवढ्या इमेजी डायजेस्टसकट स्वतःच्या यंत्रावरच्या रजिस्ट्रीत आणून ठेवल्यात. यादी अजून गिटहब पेजेसवरच आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जागेत. आणि प्रकाशनावर सही करायची किल्ली एकट्या त्याच्याकडे. ती दुसऱ्या कोणाकडे ठेवावी, यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या, तिसरी येत्या रविवारी आहे.

आता प्रश्न घेऊ या.