‘रिलीफ’ : कोशातला आणि खडीवरचा

इंग्रजीतला ‘रिलीफ’ हा शब्द महाराष्ट्रात दोन वाटांनी आला. पहिली वाट कोशाची होती. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश मुख्यतः मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोयीचा होता. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला उलट दिशेचा, टॉमस कँडीने पुरा केलेला कोश मिळायला १८४७ साल उजाडावे लागले. हायसे वाटणे किंवा जीव भांड्यात पडणे ही भावना मराठीला अर्थातच कोशाआधीही ठाऊक होती, त्यामुळे पाठांतर करणाऱ्या मुलाला या शब्दाची फारशी अडचण पडली नसावी.

अडचण होती ती दुसऱ्या वाटेवर. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारी पत्रव्यवहारातला ‘रिलीफ’ म्हणजे रस्त्या-तलावांवरची कष्टाची कामे असा अर्थ दख्खनच्या कुणब्यांच्या वाट्याला आला, आणि ज्याला कचेरी दिलासा म्हणे, त्याला लोक सरळ ‘खडी फोडायला जाणे’ म्हणत. १८७७ च्या आरंभी भारत सरकारने दुष्काळी भागात पाठवलेला प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल याने पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामेच सोडली. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन, सक्तमजुरीच्या कैद्यालाही याहून जास्त अन्न मिळते, हे सरकारच्या नजरेस आणून दिले. या युक्तिवादाला उत्तर देणे सोपे नव्हते.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करावे याची लेखी नियमावली, तयार झाली. दयेचे रूपांतर कलमांत झाले, पण ती कलमे होती इंग्रजीत. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सार्वजनिक सभेने या नियमांचा आशय मराठीत छापून वाटला, आणि पीक बुडाले असता शेतसाऱ्याची सूट वा तहकुबी मागता येते, हे सभेची माणसे गावोगाव जाऊन सांगू लागली. सरकारचेच नियम सरकारच्या रयतेला समजावून सांगण्यात राजद्रोह कोठे होता, हे दाखवणे कठीण होते. तरी मार्च १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक धोरणांवर अर्ज करणारी संस्था म्हणून सभेला असलेली मान्यता काढून घेतली.