अखंड ज्योत आणि रोमचा पहारा

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये पुतण्याला राष्ट्रीय युद्ध स्मारक दाखवायला नेलं होतं. अमर चक्रातल्या ज्योतीकडे बघत त्याने विचारलं, "काका, ही कधीच विझत नाही?" मी "नाही" म्हटलं खरं, पण उत्तर अपुरं वाटलं.

रोमन लोकांकडे 'कायम'साठी दोन वेगळे शब्द होते. 'ऐतेर्नुस' म्हणजे ज्याला काळाचं बंधनच नाही असं. त्याच्या मुळाशी असलेला 'ऐवुम' आणि आपलं 'आयुष्य' हे एकाच कुळातले शब्द. दुसरा 'पेर्पेतुउस', म्हणजे खंड न पडता चालू राहिलेलं.

इ.स.पू. ४४ च्या फेब्रुवारीपर्यंत ज्युलियस सीझरने 'डिक्टेटर पेर्पेतुओ', कायमचा सर्वाधिकारी, हे पद घेतलं होतं. नाण्यांवरही तो किताब आला. १५ मार्चला सिनेटच्या सभेत त्याचा खून झाला. किताब नाण्यांवर राहिला, सत्ता गेली.

त्याच रोममध्ये वेस्टा देवीचा अग्नी मात्र शतकानुशतकं सांभाळला गेला. त्यासाठी सहा कुमारिका नेमलेल्या असत. सेवा ३० वर्षांची: दहा वर्षं शिकायचं, दहा वर्षं काम करायचं, दहा वर्षं नव्यांना शिकवायचं. आपल्या फौजेपेक्षा फार वेगळं नाही! अग्नी विझला तर जबाबदार कुमारिकेला फटके बसत. शिवाय दरवर्षी १ मार्चला तो नव्याने पेटवत. म्हणजे ज्वाळा तीच नव्हती. अखंड होती ती पहाऱ्याची पाळी. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसच्या काळात जुनी पूजा बंद झाली. पाळी थांबली, अग्नीही थांबला.

इंडिया गेटची अमर जवान ज्योती २६ जानेवारी १९७२ पासून तेवत होती. २१ जानेवारी २०२२ रोजी ती युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली गेली. अनेक माजी सैनिकांना ते लागलं. तिथे सलामी दिलेल्या माणसाला वाटणारच. मलाही चुटपुट लागली. पण वेस्टाच्या अग्नीचा इतिहास आठवला की वाटतं, जागा बदलली तरी पाळी मोडलेली नाही. ती मोडली तर मात्र दगडावर 'अमर' कोरून भागणार नाही.

पुतण्याला आता उत्तर देईन: "विझू शकते रे. म्हणून तर तिथे संत्री उभा आहे."

जय हिंद.