तिथी, तारीख आणि तिकीट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटते, तेव्हा कारखान्यांच्या फाटकांपाशी तीन भाषा एकदम कानी पडतात. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी येथे आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू, अक्कलकोट मागे टाकले की सुरू होणाऱ्या मुलखाची कन्नड, आणि या दोहोंचे पाणी प्यालेली सोलापुरी मराठी. चादरी आणि टॉवेलांच्या या वसाहतीत बसून आम्ही टपाल तिकिटांचा एक जुना संग्रह चाळीत होतो. शोध साधाच होता : स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने अभिजात संगीताचे स्मरण कधी आणि कोणत्या निमित्ताने केले? पाहता पाहता प्रश्न संगीताचा कमी आणि कालगणनेचा अधिक होऊन बसला.

प्रारंभ त्यागराजांपासून करावा लागतो. त्यांचे तिकीट ६ जानेवारी १९६१ रोजी निघाले. निधन ६ जानेवारी १८४७ चे. म्हणजे ही ११४ वी पुण्यतिथी. शताब्दी नाही, सव्वाशे नाही, मग एकशे चौदाच का? उत्तर पंचांगात सापडते. एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. म्हणून दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींच्या शेजारी येतात. एकशे चौदा म्हणजे सहा वेळा एकोणीस. तिरुवैयारूची आराधना पुष्य बहुल पंचमीला होते, आणि १९६१ साली ती पंचमी जानेवारीच्या त्याच सुमारास आली होती. खात्यात कोणी हा हिशेब मांडला होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिथी पाळणारा भक्त आणि तारीख पाळणारे सरकार यांची अशी गाठ सहसा पडत नाही, हे खरे. मराठी वाचकाने येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तेलुगूत रचना करणारा हा वाग्गेयकार तमिळ प्रदेशात राहिला आणि त्याचे जवळजवळ सारे आयुष्य तंजावरच्या भोसल्यांच्या राजवटीत गेले.

दुसरे उदाहरण याहून नेटके आहे. पुरंदरदासांच्या निधनाला चारशे वर्षे झाल्याबद्दल १४ जानेवारी १९६४ रोजी तिकीट निघाले. त्यांची पुण्यतिथी पुष्य अमावास्येची. १९६४ मध्ये १४ जानेवारीला संक्रांत होती आणि अमावास्याही. येथे शताब्दीचा आकडा इंग्रजी गणनेचा, दिवस मात्र पंचांगाचा. कर्नाटक संगीताचे पितामह म्हणविल्या जाणाऱ्या या कवीची नाममुद्रा 'पुरंदर विठ्ठल'. विठ्ठल म्हटला की मराठी माणसाला पंढरपूर आठवते. ते याच सोलापूर जिल्ह्यात. पुरंदरदासांचा जन्म पुण्याजवळच्या पुरंदरचा की मलनाडातल्या आरगचा, हा वाद अभ्यासकांनी बराच घातला आहे. आम्हांस त्यात शिरण्याचे कारण दिसत नाही. दैवताच्या नावाने स्वतःची ओळख देणाऱ्याला गावाची फारशी गरज नसावी.

हिंदुस्थानी संगीताकडे वळताच हा मेळ विस्कटतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, गोकुळाष्टमीचा. शताब्दी १९६० साली भरली. तिकीट निघाले १ सप्टेंबर १९६१ रोजी. तारखेने वर्षभर आणि वर तीन आठवडे उशीर. तिथीने पाहिले तर गोकुळाष्टमी अजून एक-दोन दिवस पुढे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची कथा तशीच. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाडचा; तिकीट २१ जुलै १९७३ रोजी. ते ज्या संचात निघाले तो पाहण्याजोगा आहे. सोबतीला मायकेल मधुसूदन दत्त (निधन १८७३), कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे हॅन्सन (शोध १८७३) आणि कोपर्निकस (जन्म १४७३). चौघांपैकी तिघांची वर्षे बिनचूक जुळतात. एकटे पलुस्करच वर्ष चुकवून आले आहेत. याउलट बेथोव्हेनच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा आपल्याच खात्याचे तिकीट १६ डिसेंबर १९७० रोजी वेळेवर हजर होते. आणि त्याचा तर जन्मदिवसही निश्चित ठाऊक नाही, ठाऊक आहे तो बाप्तिस्म्याचा, १७ डिसेंबरचा.

पण उशिराचे आम्हांस फारसे दुःख नाही. अधिक विचार करायला लावते ती निवड. भातखंड्यांनी दहा थाटांची व्यवस्था लावली, घराण्यांच्या बंदिशी मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या, 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दोघेही ग्रंथ, शाळा आणि परिषदा यांचे माणूस, म्हणजे राष्ट्राला सहज ओळखू येणारे. ज्यांच्या कंठातून त्या बंदिशी उतरून घेतल्या त्या उस्तादांचे काय? जानकी बाखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या ग्रंथात हाच प्रश्न विचारला आहे आणि उत्तर या दोन पंडितांना फारसे सुखावह नाही. त्यांचा सगळा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. पण संग्रह समोर ठेवला की प्रश्न टाळता येत नाही. बेगम अख्तर यांचे तिकीट १९९४ चे, अल्लाउद्दीन खाँचे १९९९ चे. संगीत लिहून ठेवणारा आधी आला, गाणारी आणि वाजवणारा तीन-चार दशकांनी. येथल्या जॅकार्ड मागावर भोके पाडलेल्या पत्त्यांवरून चादरीची नक्षी उठते. पत्ता जपून ठेवायलाच हवा, पण चादर म्हणून कोणी पत्ता पांघरत नाही.

३ सप्टेंबर २०१४ रोजी निघालेल्या आठ संगीतकारांच्या संचात निमित्ताचा प्रश्नच सोडून दिलेला दिसतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांची शताब्दी २०१० साली, गंगूबाई हनगल यांची २०१३ साली होऊन गेली होती. कुमार गंधर्वांची यायला दहा वर्षे होती. रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ, पट्टम्माळ यांच्यासह सारे एकाच दिवशी. आठांपैकी मन्सूर, गंगूबाई, कुमार आणि भीमसेन हे चौघे धारवाड-बेळगाव-गदगच्या पट्ट्यातले, घरची भाषा कन्नड. महाराष्ट्राने त्यांना कधी परके मानले नाही, इतके की ते कन्नड होते याची आठवण मराठी रसिकाला मुद्दाम करून द्यावी लागते.

सोलापुरात ती द्यावी लागत नाही. भीमसेनांचे तिकीट आम्ही संग्रहात १९६४ च्या पुरंदरदासांसमोरच्या पानावर लावले आहे. सालांच्या क्रमात ते चुकीचे आहे. पण तुकोबांचे अभंग आणि पुरंदरदासांची पदे एकाच गळ्यातून ऐकवणारा हा गवई दुसऱ्या कोणत्या पानावर शोभला असता?