दाखल-खारीज ते सरल

शाळेत सर्वांत जपून ठेवलेली वस्तू कोणती, असे विचारले तर आपले गुरुजन एकच उत्तर देतील : दाखल-खारीज रजिस्टर. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर अशी जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वीच्या मुलाची जात, जन्मतारीख, शाळेत आल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख त्यांत सापडते. त्या मुलाला वाचता येत होते का, हे मात्र सापडत नाही. 'प्रगती' नावाचा एक रकाना असतो. त्यात 'बरी' किंवा 'चांगली' एवढेच.

माझे रोजचे काम डेटाबेसचे. जो प्रश्न नोंद ठेवणाऱ्याने विचारलाच नाही, त्याचे उत्तर नोंदीतून कधी निघत नाही, हे या कामात पहिल्या वर्षीच कळते. शाळेच्या नोंदी कोणी, कोणासाठी ठेवल्या, हे म्हणूनच पाहावेसे वाटले.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे 1862 मध्ये खुद्द इंग्लंडात नियम झाला, की तपासनीस एकेका मुलाचे वाचन, लेखन आणि अंकगणित तपासेल आणि त्यानुसार शाळेला अनुदान मिळेल. मूल नापास झाले की पैसे कापले जात. हिंदुस्थानात 1882 च्या हंटर आयोगाने देशी शाळांसाठी याच धर्तीची शिफारस केली. मुलाची परीक्षा होई, पण निकाल लागे तो शाळेचा आणि मास्तरांचा. डेप्युटी साहेब येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांकडून पाठांतर करून घेतले जाई. साहेबांचा शेरा शेरेबुकात उतरे आणि मूल जिथे होते तिथेच राही.

1956 पर्यंत आपला बुलढाणा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. मग मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र आणि 1962 मध्ये जिल्हा परिषद आली. साहेब बदलले, शिक्षण विस्तार अधिकारी आले. आपल्या हाती आले प्रगतीपुस्तक : विषय, गुण, हजेरी, खाली पालकाची सही, आणि कित्येकांच्या बाबतीत अंगठा. ते घरी नेण्यासाठी होते, ही मोठीच गोष्ट. पण गणितात 100 पैकी 28 मिळालेल्या मुलाचे अडले कुठे, हातच्यावर की भागाकारात, हे त्या 28 मध्ये दिसत नसे. बाईंना ते ठाऊक असे. पाटी बघताच कळे. बाईंची बदली झाली, की ती माहितीही त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावाला जाई. मुलाजवळ उरे फक्त 'नापास' हा शब्द. त्या शब्दानंतर किती जण बकऱ्यांमागे गेले, किती मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रजिस्टरात त्यांच्यापुढे कारण लिहिलेले असते : सतत गैरहजर.

1991 मध्ये दवे समितीने कोणत्या इयत्तेत मुलाला नेमके काय यायला हवे, याची किमान क्षमतांची यादी केली. शिक्षण हक्क कायदा एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला 70 टक्के भार वर्षभराच्या निरीक्षणाला आणि तोंडी कामाला, 30 टक्के सत्राच्या परीक्षेला. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकांनी लिहायच्या. कल्पना अगदी बाईंच्या डोक्यातली वही कागदावर आणण्याची होती. पण वहीसाठी लागणारा वेळ कोणी दिला नाही. बाजारात तयार वाक्यांच्या पुस्तिका आल्या आणि वर्गच्या वर्ग 'आत्मविश्वासाने बोलतो' असा झाला.

याच काळात 'असर'चे स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांपुढे एक साधा कागद ठेवत होते : अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. 2005 पासूनच्या त्या पाहणीने दाखवले, की पाचवीतल्या अनेक मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आले, पायाभूत चाचण्या आल्या, 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरणे सुरू झाले. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परतली. ती उत्तीर्ण न झाल्यास फेरपरीक्षेची संधी असते. त्यातही अडले तर मूल त्याच वर्गात.

म्हणजे आज दोन्ही आहे : माहिती भरपूर आणि नापासही. माझ्या व्यवसायाचा मला अभिमान आहे, तरी सांगते, की वर पाठवलेली माहिती त्याच वर्गात परत आली नाही, तर 'सरल' हे नवे शेरेबुकच आहे. परत आली, आणि उद्या सकाळी कोणत्या चार मुलांना हातचा पुन्हा शिकवायचा हे तिने गुरुजींना सांगितले, तर मात्र दीडशे वर्षांचे काम मार्गी लागेल.

मेळाव्यात शाळेला काय भेट द्यायची, यावर आपल्या ग्रुपवर चर्चा सुरू आहे. संगणक द्यावेत, जरूर द्यावेत. त्याबरोबर गावात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणी आठवड्यातून एक तास तिसरीच्या मुलांजवळ बसून त्यांचे वाचन ऐकावे, असे सुचवते. कोण कुठे अडखळते ते वहीत लिहावे आणि ती वही वर्गशिक्षकांच्या हातात द्यावी.